लोहाराच्या पोराचा कायदा

“कुणब्याच्या पोराने औत धरावे, सुताराच्या पोराने रंधा मारावा, शास्त्र शिकून त्यांना काय करायचे आहे?” हा उपदेश आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आणि पुष्कळांनी खराही मानला. तो खोटा पाडणाऱ्या एका लोहाराच्या मुलाची हकीकत ऐका.

अमेरिकेत व्हरमाँट राज्यातील स्ट्रॅफर्ड या खेड्यात १८१० साली जस्टिन मॉरिल जन्मला. बाप लोहार. पंधराव्या वर्षाच्या सुमारास मुलाची शाळा सुटली. दुकानात नोकर, मग दुकानाचा भागीदार, असे करीत पैसा गाठीला बांधून १८४८ साली तो धंद्यातून मोकळा झाला. आता कोणी म्हणेल, “पाहा, शाळेवाचून माणूस मोठा होतो!” पण खुद्द मॉरिल तसे म्हणाला नाही. हुकलेल्या शिक्षणाची खंत बाळगून तो १८५५ साली कायदेमंडळात गेला आणि १८९८ साली मरेपर्यंत तेथेच राहिला.

१८५७ साली त्याने बिल मांडले. सरकारी जमीन राज्यांना द्यावी, ती विकून कायमचा निधी करावा आणि त्याच्या व्याजावर शेतकी व यंत्रकला शिकविणारी कॉलेजे चालवावी. इतर शास्त्रे आणि प्राचीन भाषाही तेथे वगळू नयेत. म्हणजे शेतकऱ्याच्या पोराला नुसता नांगर नव्हे, सगळी विद्या!

बिल मंजूर झाले, पण १८५९ साली अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी ते परत पाठविले. कारणे काय? तिजोरीत पैसा नाही, घटनेत आधार नाही, आणि चालू कॉलेजांचे नुकसान होईल! बहुजनांच्या विद्येची गोष्ट निघाली की तिजोरी रिकामी होते, हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. मॉरिलने बिल पुन्हा आणले. यादवी युद्ध पेटलेले असता २ जुलै १८६२ रोजी लिंकन यांनी त्यावर सही केली. कायदेमंडळातील दर सभासदामागे राज्याला ३०,००० एकर मिळाले.

परंतु आपण कोणाचे भाट नव्हे. ती जमीन मूळ रहिवाशांकडून बळाने आणि फसवणुकीने घेतलेली होती. १८९० च्या दुसऱ्या कायद्याने राज्यांना बजावले, की प्रवेशात रंग पाहू नका, नाहीतर काळ्या लोकांसाठी वेगळे कॉलेज काढून न्याय्य वाटा द्या. दक्षिणेने वेगळे कॉलेज काढले. न्याय्य वाटा कागदावरच राहिला. एकाची विद्या दुसऱ्याच्या जमिनीवर उभारली, हा डाग पुसता येत नाही.

गुलाम मुक्त केल्याबद्दल त्याच अमेरिकेच्या लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी स्पष्ट सांगितले, की तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि विद्येचा लाभ वरचे वर्ग घेतात. लोहाराचा पोर आणि फुलमाळी, दोघांचे म्हणणे एकच: जो पैसा देतो त्याच्या घरात विद्या गेली पाहिजे.

तेव्हा बांधवांनो, बैल विकावा लागला तरी पोराची आणि पोरीची शाळा सोडवू नका. आणि मते मागायला येणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: “आमच्या घामाच्या पैशातून आमच्या मुलांना कोणती विद्या दिलीत?” उत्तर नसेल, तर त्याला आल्या वाटेने परत पाठवा.