कव्हरवाला कोपऱ्यावर चालेल का?

माझा मावसभाऊ मंठ्याला कॉलेजात शिकतो आणि कॉलेजच्या कबड्डी संघात उजवा कव्हर खेळतो. पेपरातल्या मराठीत उजवा मध्यरक्षक. मुलगा चांगला आहे. खांदे रुंद, धडक जबरदस्त, आणि मुख्य म्हणजे उगाच पुढे उडी मारत नाही. आता जिल्ह्याच्या निवडीची वेळ आली, तर पंचाईत अशी की दोन्ही कव्हरच्या जागांवर दोन वर्षं खेळलेली पोरं पक्की आहेत. जागा आहे ती उजव्या कोपऱ्यावर. त्याचे सर म्हणाले, "कोपऱ्यावर उभा राहा, तुला काय अवघड आहे?" आणि याने मला फोन केला, "दादा, जाऊ का?"

गेले तीन शनिवार-रविवार मी याच प्रश्नाचा कीस काढतोय. (लीडच्या भाषेत ‘अ‍ॅनालिसिस पॅरालिसिस’.) माझं उत्तर ‘हो’ आहे. पण सर म्हणतात त्या कारणासाठी नाही, आणि फार पुढचं स्वप्न बघून तर अजिबातच नाही.

ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर बघितली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोल आणि राखीव पट्टे धरून दहा मीटर रुंद जागा. सात जण साखळी करून उभे राहतात. दोन टोकांना दोन कोपरे, आत दोन कव्हर, आणि उरलेल्या जागी बहुतेक वेळा चढाई करणारे. प्रो कबड्डीच्या २०१४ च्या पहिल्या मोसमात यू मुंबाचा बचाव ज्यांनी बघितला त्यांना हे पाठच असेल. डावा कोपरा सुरेंदर नाडा, उजवा कोपरा मोहित छिल्लर, डावा कव्हर जीवा कुमार, उजवा कव्हर आपला विशाल माने. २०१५ चं विजेतेपद याच बचावाच्या जोरावर आलं, असं मी तरी मानतो (अनुप कुमारच्या चाहत्यांनी दगड मारू नयेत).

लांबून बघणाऱ्याला चौघेही एकच काम करताना दिसतात. चढाईवाला आला, धरा. पण नीट बघितलं तर दोघांची वेळ वेगळी आहे. चढाईवाला बोनससाठी पाय टाकतो, टोकाला हात मारायला वाकतो, म्हणजे तो सगळ्यात आत असतो, तेव्हा कोपऱ्यावाल्याची वेळ येते. घोटा धरायचा, नाहीतर मांडी. कव्हरवाल्याची वेळ त्यानंतरची. चढाईवाला परत फिरला, मधल्या रेषेकडे तोंड झालं, की बाजूने धडक देऊन त्याला बाहेर काढायचं किंवा समोर आडवं उभं राहून वाट बंद करायची. एक जण सुरुवात करतो, दुसरा शेवट करतो. कोपऱ्यावाल्याला निर्णय घ्यायचा असतो. कव्हरवाल्याला बहुतेक वेळा दुसऱ्याच्या निर्णयाला साथ द्यायची असते, आणि तीही अर्ध्या सेकंदात.

त्यामुळे ‘दोघेही पकडच करतात, मग काय फरक पडतो’ हे म्हणणं मला पटत नाही. डेटाबेसवाल्याला ‘तूही कोडच लिहितोस ना, मग उद्यापासून मोबाईल अ‍ॅप कर’ म्हणण्यासारखं आहे ते. करेल बिचारा. पण पहिल्या रिलीजला क्लायंट तुमचं नाव घेईल.

गंमत म्हणजे अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये (तो हाताने खेळतात तो) हाच वाद दर वर्षी चालतो. चेंडू फेकणाऱ्याला वाचवायला समोर पाच धिप्पाड माणसं उभी असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, आणि टोकांना टॅकल. कॉलेजात गार्ड खेळलेला मुलगा व्यावसायिक संघात टॅकल होईल का, यावर तिथे लोक पानंच्या पानं लिहितात. प्रवास बहुतेक वेळा उलटा होतो. झॅक मार्टिन नोत्र दाम विद्यापीठात टॅकल होता. २०१४ मध्ये डॅलसने त्याला घेतलं आणि गार्ड केलं, आणि तो त्या जागेवरचा त्याच्या पिढीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. ब्रँडन शर्फ आयोवा विद्यापीठाचा टॅकल, २०१५ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन गार्ड झाला. बाहेरचा आत येतो, आतला बाहेर क्वचित जातो. कारण साधं आहे. आत दोन्ही बाजूंना आपला माणूस असतो. टोकाला एका बाजूला मोकळं मैदान असतं, आणि समोरचा वेगाने तिकडूनच येतो. तिथे लांब हात लागतात, हलके पाय लागतात. आतल्या माणसाची चूक शेजारचा झाकतो. टोकावरच्याची चूक स्टेडियमभर दिसते.

कबड्डीतही टोक ते टोकच. एक फरक मात्र आपल्या बाजूचा आहे. आपल्याकडे टोकाला रेषा असते, आणि ती बचाव करणाऱ्याची मित्र असते. चढाईवाल्याला ढकलायला ती जागा कामाला येते. पण कोपऱ्यावाल्याने घाई केली, हात हुकला, की साखळीचं टोक तुटतं. मग मदतीला धावलेले दोन-तीन जण एका झटक्यात बाद होतात. कव्हरची फसलेली धडक बहुतेक वेळा एका गुणात भागते.

व्यावसायिक पातळीवर लोक जागा बदलतच नाहीत असं नाही, पण ज्याच्या त्याच्या जागेला किंमत असते. नाडा आणि मोहित २०१६ मध्ये दोघेही बेंगळुरू बुल्सकडे गेले आणि २०१७ मध्ये दोघेही हरियाणा स्टीलर्सकडे. कोपऱ्यांची जोडी म्हणूनच. त्याच २०१७ मध्ये गुजरातने कोपऱ्यांवर फझल अत्राचली आणि अबोझार मिघानी हे दोन इराणी ठेवले, कव्हरला परवेश भैंसवाल आणि सुनील कुमार, आणि पहिल्याच वर्षी अंतिम फेरी गाठली. पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये विजेतेपद मिळवलं तेव्हा कव्हरला आपला संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन होते. कोणी कुठे उभं राहायचं यात गोंधळ नव्हता. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळलेला आपला गिरीश इर्नाक डावा कोपरा. त्याला कोणी सांगितलं नाही की बाबा, जरा कव्हरला उभा राहून बघ.

मग मी ‘हो’ का म्हणतोय?

एक तर ज्या बचावपटूंनी एकापेक्षा जास्त कामं नीट केली, त्यांच्यात मला एक समान गोष्ट दिसते. ते चढाई करतात. मनजीत छिल्लर सुरुवातीच्या मोसमांत चढायाही करायचा. संदीप नरवाल तसाच. आणि मोहम्मदरेझा शादलू, ज्याच्यासाठी पुण्याने २०२३ च्या लिलावात २ कोटी ३५ लाख मोजले, तो मूळचा डावा कोपरा, पण चढाईलाही बिनधास्त जातो. चढाईवाला कुठल्या क्षणी अडकलेला असतो, बोनसला पाय टाकताना वजन कुठल्या पायावर असतं, हे त्यांना बाहेरून बघून नाही, स्वतः करून माहीत असतं. नाडा किंवा गिरीश चढाईवाले नव्हेत, हे मान्य. पण ते त्या कोपऱ्यातच मोठे झाले. ज्याला विसाव्या वर्षी आतून बाहेर जायचंय त्याच्याकडे तेवढी वर्षं नाहीत. त्याच्यासाठी चढाई हा शॉर्टकट आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. समोरच्यांनी चार गडी बाद केले की तीनच उरतात, आणि तिथे ‘मी कव्हर’ हे नाटक चालत नाही. तिघांना सगळी रुंदी झाकायची असते आणि पकड झाली तर अव्वल पकडीचा जादा गुण असतो. म्हणजे कव्हरवाला रोज थोडा वेळ कोपऱ्यावर खेळतच असतो, फक्त कोणी मोजत नाही. मी भावाला गेल्या वर्षीच्या सामन्यांचे मित्रांनी मोबाईलवर काढलेले व्हिडिओ पाठवायला लावले. तिघे उरल्यावर हा काय करतो तेवढंच बघितलं. टोकाला ढकलला गेला की तो बिचकत नाही. उलट दोनदा त्याने आधी हात घातला. एकदा हुकला, पण घातला. मला तेवढं पुरलं.

आता अडचण मातीची. मंठ्यात सराव मातीवर. घोटा धरायचा म्हणजे जमिनीवर झोकून द्यायचं. मॅटवर ते दिवसात पन्नास वेळा करता येतं, मातीवर दहाव्या वेळी कोपर सोलून निघतं. मग पोरं आपोआप धडकेकडे वळतात, कारण धडक उभ्याने देता येते. आपल्याकडच्या गावांतून कव्हर जास्त आणि चांगले कोपरे कमी निघत असतील, तर त्यात अंगकाठीपेक्षा या सोललेल्या कोपरांचा हात जास्त असावा, असा माझा आपला अंदाज आहे.

असो. खरा प्रश्न प्रो कबड्डीचा नाहीच. भाऊ तिथे गेला तर कव्हर म्हणूनच जाईल, याबद्दल मला शंका नाही, आणि हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. प्रश्न आहे तो जिल्ह्याच्या जर्सीचा. सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्र मिळवायचं तर आधी संघात असावं लागतं. राखीव बाकावरचा उत्तम कव्हर होऊन दोन वर्षं घालवण्यापेक्षा मैदानावरचा बरा कोपरा झालेला परवडला. फक्त सरांचं ‘तुला काय अवघड आहे’ डोक्यात ठेवून जाऊ नकोस, म्हणालो. अवघड आहे. पहिले दोन महिने तुझ्यामुळे गुण जातील आणि लोक बोलतील.

निवड दिवाळीनंतर आहे. तोपर्यंत असं ठरलंय की रोज संध्याकाळी आधी वीस चढाया, त्यातही कोपऱ्यावर जाऊन बोनसचा प्रयत्न करायचाच. मग तिघांचा बचाव लावून अर्धा तास, आणि हा कायम टोकाला. कोपरांना जुने मोजे कापून बांधायचे. कव्हरचा सराव रविवारी, बंद करायचा नाही. मावशीला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं पोरगा पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरची तयारी करतोय. तीही तो करतोच आहे, पहाटे.