नावडतीचा गळ अळणी

तळाशी संथ ओढायचे जड शिसे, एका जागी टांगलेले आमिष, बारीक दोरा, चिलापीसाठी नखाएवढी गरी आणि उलटा काटा ठेचलेली एकेरी गरी. कोल्हापूर परिसरात गळ टाकणाऱ्यांच्या नावडत्या पद्धतींची यादी एवढ्यात संपते. दिवाळीनंतर वाचकांची जी पत्रे येतात त्यांतील तक्रारही दर वर्षी तीच असते: रबरी बेडूक टाकून टाकून खांदा भरून आला, मरळ काही उठत नाही. पत्राच्या शेवटी नवा, आणखी महागाचा बेडूक कोणता घ्यावा, असा प्रश्न असतो. या प्रश्नाचे खरे उत्तर वरच्या यादीत आहे आणि ते कोणालाच ऐकायचे नसते.

रबरी बेडूक ही अमेरिकेतील बास माशाच्या शिकारीची देणगी. तो मासा पंचगंगेत नाही. पण गवताच्या कडेला दबा धरून बसणारी आणि पृष्ठभागावरच्या हालचालीवर झेप घेणारी मरळ त्याचीच जागा घेते. त्यामुळे बासचे सगळे साहित्य इथल्या पेट्यांत सहज रुजले. बेडकाने एक चांगले कामही केले. देशाने बेडकाच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद केली, तरी गरीला जिवंत बेडूक टोचण्याची सवय टिकून होती. ती रबरी बेडकामुळे बरीच कमी झाली. मात्र बासच्या पेटीतून इथल्या मंडळींनी दिसायला झकास तेवढेच उचलले. पाणी फाडून वर येणारी मरळ एकदा पाहिली की तळाशी शिसे ओढत बसणे कोणाला रुचेल?

मरळ उठत नाही याचे कारण बंधाऱ्यात शोधावे लागते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढले जातात आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा बसवले जातात. बरग्यांच्या दोन ओळी, मध्ये मातीची भर, आणि मागे तुंबलेले पाणी. काही आठवड्यांत गाळ खाली बसतो, पाणी नितळ होते, आणि जाड दोरा माशाला काठावरच्या माणसाइतकाच स्पष्ट दिसू लागतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडते. मरळ सुस्तावते, खोलात किंवा जलपर्णीच्या दाट भागाखाली जाते आणि पाच हात वर फडफडणाऱ्या रबराच्या मागे जाण्याचे कष्ट घेत नाही. हवा घेण्यापुरती वर येते आणि परत जाते. ती हवा घेताना दिसते म्हणूनच बेडूक टाकणारा आणखी तासभर तिथे थांबतो.

अशा पाण्यात आमिष माशाच्या तोंडापुढे न्यावे लागते, आणि त्यासाठीची एक जुनी रचना म्हणजे कॅरोलिना. मुख्य दोऱ्यावर मोकळे सरकणारे पंधरा-वीस ग्रॅमचे शिसे, त्याखाली मणी, मग स्विव्हल म्हणजे फिरती कडी, पुढे दोन-तीन फुटांचा लीडर म्हणजे जोडदोरा आणि टोकाला रबरी किडा. ही रचना फेकताना हेलकावते, गुंतते, आणि तिच्यात कौशल्य दाखवायला वाव नाही. अमेरिकेतही तिला प्रेमाने कोणी हाक मारत नाही. कैद्याच्या पायातील गोळा आणि साखळी हेच तिचे टोपणनाव. तरीही १९८५ ची बासमास्टर क्लासिक स्पर्धा जॅक चान्सलरने याच धर्तीवर तळाशी किडा ओढून जिंकली. त्या किड्याचे नाव होते ‘डू-नथिंग’, म्हणजे काहीच न करणारा. काहीच न करणे हेच तर इथल्या मंडळींना जमत नाही. दोन फूट ओढावे, थांबावे, मनात वीस मोजावेत, पुन्हा ओढावे. वीसपैकी पाच मोजून होईपर्यंत रीळ फिरू लागते.

या पद्धतीवरचा एक आक्षेप मात्र रास्त आहे. पंचगंगेचा तळ म्हणजे दगड, तुटकी जाळी, निर्माल्याच्या पिशव्या आणि पुरात वाहून आलेले सगळे काही. उघडी गरी तिथे दर चौथ्या फेकीला अडकते आणि शिसे, स्विव्हल, किडा असे सगळेच जाते. उपाय साधा आहे. ऑफसेट गरी वापरून तिचे टोक किड्याच्या अंगात परत लपवावे आणि शिशाला मुख्य दोऱ्यापेक्षा हलका दोरा द्यावा, म्हणजे अडकल्यावर तेवढेच तुटते. त्यासाठी शिसे थेट मुख्य दोऱ्यावर न ओवता वेगळ्या आखूड दोऱ्यावर टांगावे. एवढे करायला पाच मिनिटे लागतात. तक्रारीचे पत्र लिहायला त्याहून जास्त.

एका जागी टांगलेल्या आमिषाची पद्धत म्हणजे ड्रॉप शॉट. त्यात शिसे तळाला आणि गरी फूट-दीड फूट वर, म्हणून आमिष गाळात बुडत नाही आणि एकाच जागी थरथरत राहते. बंधाऱ्याच्या खांबांपाशी, फटींतून पाणी झिरपते तिथे बारीक मासे जमतात आणि त्यांच्यामागे शिंगाळा, वाम, कधी खडशीचे पोर. बारीक दोरा आणि नाजूक काठी लागते ती इथे. जलपर्णीच्या कडेला मरळीसाठी तसला दोरा वापरणे मात्र शुद्ध मूर्खपणा आहे. तोंडात गरी घेऊन गवतात शिरलेली मरळ पुढे कशी जगते, याचा विचार दोरा निवडतानाच करावा.

चिलापीचा तरंग-गळ पोरासोरांचा समजला जातो. मोझांबिक चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि आता ती जिथे जाते तिथे दाटी करते. मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची संख्या आवरत नाही. तिचे तोंड लहान, त्यामुळे मोठ्या गरीवरची कणिक ती कुरतडून नेते आणि तरंग फक्त हलत राहतो. दहा-बारा नंबरची गरी, वाटाण्याएवढे आमिष आणि तरंग बुडण्याची वाट न पाहता तो आडवा सरकताच झटका, इतकेच तंत्र आहे. स्थानिक माशांना जागा करून देणारा हा एकमेव गळ, आणि फोटोत शोभत नाही म्हणून तोच कोणी टाकत नाही.

उलटा काटा ठेचण्याबद्दल तर चर्चाच नको असते. मरळीचे तोंड हाडाचे, काटा नसला तर ती निसटेल, ही भीती. प्रत्यक्षात काटा नसलेली गरी हाडाजवळ अधिक सहज रुतते आणि दोरा ताणलेला राहिला तर सुटत नाही. सुटते ती ढिल्या दोऱ्याने, आणि त्याचा दोष गरीवर जातो. सोडून द्यायच्या माशाला तिहेरी गरीतून मोकळे करायला लागणारी दोन-तीन मिनिटे पक्कडीच्या एका दाबाने वाचतात. मरळ हवेतून श्वास घेते म्हणून ती बंधाऱ्याच्या तापलेल्या काँक्रीटवर ठेवली तरी चालते, हाही एक लाडका गैरसमज. श्वास चालू राहतो; अंगावरचा बुळबुळीत थर मात्र निघून जातो.

सरकारी बाजू याहून मजेशीर आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास मनाई केली, आणि रोवलेली साधने, बांध व जाळी यांचे नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला; गळ त्या यादीत नाही. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा. आज जलाशयातील पाणी जलसंपदा विभागाचे, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडून संस्थेला, काठ कुठे ग्रामपंचायतीचा तर कुठे वन विभागाचा. एका काठीसाठी रीतसर परवानगी मागणारा माणूस एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे पाठवला जातो आणि शेवटी त्याला तोंडी सांगितले जाते, ‘बसा गप कडेला’. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीच्या बरोबरीचा दर्जा दिला. त्याने हौशी काठीचा हा प्रश्न सुटत नाही. मरळीच्या विणीच्या काळात काय करावे, हे जो तो आपल्या मर्जीने ठरवतो.

आणि ती मर्जी वाईट आहे. पावसाळ्यात उथळ पाण्यावर मरळीच्या पिल्लांचा तांबूस थवा खळबळताना दिसतो. आई-बाप खालीच असतात. थव्यात बेडूक पडला की ते भुकेने नव्हे, पिल्लांच्या रक्षणासाठी झडप घालतात. वर्षातील सर्वांत सोपी मरळ ती हीच, आणि अंडी घालणाऱ्या बासच्या बाबतीत अमेरिकेत याच गोष्टीवरून वर्षानुवर्षे वाद आहे. पालक उचलले की थवा चिलापीच्या आणि बगळ्याच्या तोंडी जातो. नावडत्या पद्धती शिकायला पुढचा सगळा हिवाळा आहे. या जूनपासून मात्र तांबूस थवा दिसताच दोरा गुंडाळावा, शेजारच्यालाही गुंडाळायला लावावा, आणि पुढच्या डोहाकडे चालू लागावे.