बोलेल तो करील काय?

घरांतील कोणी जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा बोलूं लागला, कीं धास्तावलेल्या आप्तास आमचा सुशिक्षित समाज दोन उपदेश करतो. एक, ‘गर्जेल तो पडेल काय नि बोलेल तो करील काय?’ दुसरा, ‘त्याच्यापुढें तो विषयच काढूं नका, नसतें खूळ डोक्यांत भरेल.’ हे दोन्ही उपदेश खोटे व घातक आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

म्हण ढगांपुरती खरी असेल. परंतु जीव देणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं आधीं कोणाजवळ तरी तसें सुचविलेलें असतें. आणि विचारल्यानें तो विचार उत्पन्न होत नाहीं, हें संशोधनानें वारंवार दाखविलें आहे. उलट कोंडलेलें दुःख बोलून दाखविण्यास वाट मिळते. मग ‘तुला जीव द्यावासा वाटतो काय?’ असें मायेनें पण सरळ विचारण्यास संकोच कां? उत्तर होकारार्थी आल्यास त्यास एकटें सोडूं नये. गुप्ततेचें वचन देऊं नये. कीटकनाशकें व गोळ्या कुलुपांत ठेवाव्यात. त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून अहोरात्र सल्ला देते.

कोणी पोलिसांचें भय घालतात. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें अशा पीडितास शिक्षा नव्हे, तर शुश्रूषा देण्याचें कर्तव्य सरकारवर घातलें आहे. कायदा शहाणा झाला. समाज केव्हां होणार? चिंतेनें झोप उडालेल्या माउलीस गप्प बसविणाऱ्यांस आमची विनंति एवढीच, कीं त्यांनीं आपलें शहाणपण आपल्यापाशींच ठेवावें.