पान छापले, म्हणून काय सिद्ध झाले?

लिनक्स प्रणालीवर प्रिंटरची आज्ञावली बसवू लागलो की लग्नाच्या वऱ्हाडासारखी आणखी बरीच पॅकेजे तिच्या पाठोपाठ येतात. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात त्यांची प्रतवारी केलेली असते: काही अत्यावश्यक, काही शिफारस केलेली, तर काही नुसती सुचवलेली. शिफारस केलेली पॅकेजेही एरवी आपोआप बसतात. नको असतील तर तसे आधीच सांगावे लागते.

एचपी कंपनीच्या प्रिंटरांसाठी 'एचप्लिप' नावाची आज्ञावली आहे. 'पोलकिट' हे पॅकेज तिच्या दृष्टीने वैकल्पिक होय. त्याचे काम परवानगीचे. एखादा वापरकर्ता प्रणालीत मोठा बदल करू पाहत असेल, तर तो करू द्यावा, नाकारावा की आधी पासवर्ड विचारावा, याचा निवाडा पोलकिट करते. मग प्रिंटरला या द्वारपालाची खरोखर गरज आहे काय?

पुष्कळ जण याचा निकाल एका मिनिटात लावतात. पॅकेज काढून टाकायचे, एक पान छापायचे, आणि पान बाहेर आले की 'गरज नाही' असे जाहीर करायचे. माझ्या मते हा प्रयोगच नव्हे. छपाईचे काम 'कप्स' ही यंत्रणा सांभाळते, आणि साधे पान स्वीकारताना ती पोलकिटला विचारायला जातच नाही. ज्या दाराने आपण गेलोच नाही, तेथे पहारेकरी नसल्यामुळे आपले काही अडले नाही, यात नवल ते काय?

खरी गंमत पुढेच आहे. लेझरजेट १०२० हा छोटा प्रिंटर घ्या. त्याला चालवणारी आज्ञावली त्याच्या पोटात कायमची राहत नाही. प्रिंटर सुरू केला की दर वेळी संगणकाकडून ती पाठवावी लागते. एचप्लिपमध्ये त्यासाठी कंपनीचे एक जोडपॅकेज उतरवून बसवावे लागते. ते बसवण्याची परवानगी हेच पोलकिटचे येथले काम. आता ज्या संगणकावर हे जोडपॅकेज पूर्वीच बसले आहे, तेथे पोलकिट काढून चाचणी घेतली तर सारे सुरळीत चालेल. निष्कर्ष मात्र चुकेल, कारण परवानगीचा प्रसंग केव्हाच होऊन गेला!

तेव्हा चाचणी कोऱ्या संगणकावर घ्यावी. पोलकिटसह आणि पोलकिटशिवाय अशा दोन मांडण्या कराव्यात. बाकी सर्व समान ठेवावे. आधी पहिल्या मांडणीत सगळे चालते याची खात्री करावी, नाही तर दुसरीतल्या अपयशाचा दोष कोणाला द्यायचा? चालत्या यंत्रावरून पोलकिट उपटून काढू नये, कारण त्याच्यावर अवलंबून असलेली डेस्कटॉपची पॅकेजेही त्याच्याबरोबर निघून जातात, आणि मग आपण एक नव्हे, अनेक गोष्टी बदललेल्या असतात. कामे निरनिराळी तपासावीत: पान छापणे, स्कॅन करणे, नवा प्रिंटर जोडणे, जोडपॅकेज बसवणे. प्रत्येक काम एकदा प्रशासक म्हणून आणि एकदा साधा वापरकर्ता म्हणून करावे. सर्वाधिकार असलेल्या माणसाला बहुतेक दारे उघडीच असतात. त्याच्या अनुभवावरून विद्यार्थ्याला काय अडेल ते कळत नाही.

असा तक्ता भरला की उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे येत नाही. छपाईला पोलकिट लागत नाही. जोडपॅकेज बसवायला ते सोयीचे आहे. पण ते नसले तरी टर्मिनलमध्ये प्रशासकाचा पासवर्ड देऊन काम भागते.

'मग असू द्या की सगळेच, काय बिघडते?' असे म्हणणारेही भेटतात. जानेवारी २०२२ मध्ये पोलकिटबरोबर येणाऱ्या 'पीकेएक्झेक' या आज्ञेतील एक दोष उघड झाला. त्याचा फायदा घेऊन संगणकावरचा साधा वापरकर्ता सर्वाधिकार मिळवू शकत होता. हा दोष २००९ पासून तेथे होता! दोष पुढे दुरुस्त झाला; पण बारा वर्षे हे पॅकेज असंख्य यंत्रांवर बसलेले होते, आणि त्यांतल्या कित्येकांवर त्याचे काहीच काम नसणार. कोणालाही कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व साल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच मांडले होते.

याच्या उलट, पोलकिट नको म्हणून ते काढायचे आणि मग नवा प्रिंटर जोडता यावा यासाठी प्रशासकाचा पासवर्ड अख्ख्या वर्गाला सांगून ठेवायचा, हा तर शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. द्वारपालाला रजा देऊन किल्ल्या वाटल्यासारखेच ते.

शाळेत एखादा जुना, पडदा नसलेला संगणक केवळ छपाईसाठी कोपऱ्यात ठेवला असेल, तर मी त्यावर पोलकिट बसवणार नाही. शिक्षकांच्या डेस्कटॉप संगणकावर ते अवश्य ठेवीन. मात्र उद्या त्या कोपऱ्यातल्या संगणकाला दुसरा प्रिंटर लावला, तर तक्ता पहिल्या ओळीपासून पुन्हा भरावा लागेल.