साभार परतही नाही

१८ जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर एक मोठा जलसा झाला. बराक ओबामा यांच्या शपथविधीला दोन दिवस उरले होते. जॉन बॉन जोव्ही या रॉक गायकाने तिथे सॅम कुकचे ‘अ चेंज इज गॉना कम’ म्हटले. जोडीला एक सडपातळ, उतारवयाकडे झुकलेली कृष्णवर्णीय गायिका होती. बॉन जोव्हीचे नाव मला ठाऊक होते. बाई कोण, हे ठाऊक नव्हते. चित्रफीत लावली ती त्याच्यासाठी, आणि बाईंचा आवाज लागल्यावर त्याला विसरलो. खरखरीत, कडेला थोडा फाटलेला आवाज. पण कुठे थांबायचे आणि कोणता शब्द जवळजवळ बोलून टाकायचा, याची त्या आवाजाला पक्की जाण होती.

या बाई म्हणजे बेटी लव्हेट. वय तेव्हा ६२. महिनाभर आधीच केनेडी सेंटरच्या सन्मान सोहळ्यात पीट टाउनशेंड आणि रॉजर डाल्ट्री समोर बसलेले असताना त्यांनी ‘द हू’चे ‘लव्ह, रेन ओव्हर मी’ गायले होते. बाईंविषयी जे लिहिले जाते त्यात एक शब्द हमखास येतो: उशिरा. उशिरा यश, उशिरा कीर्ती, उशिरा का होईना वगैरे. अशी वाक्ये मीही लिहिली आहेत. पण गाडी उशिरा पोहोचते तेव्हा कोणीतरी सिग्नल पाडलेला नसतो, हे आपण सहसा विचारात घेत नाही.

जन्म १९४६चा, मिशिगन राज्यातल्या मस्कीगनचा; वाढ डेट्रॉइटमध्ये. सोल संगीत म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांचा गळा घेऊन म्हटलेले संसारी गाणे, अशी ढोबळ व्याख्या करतात. ही मुलगी मात्र चर्चमधून आली नाही. आईवडील घरात चोरून दारू विकत, बैठकीच्या खोलीत ज्यूकबॉक्स होता, आणि भजनी मंडळींपैकीही काही तिथे घसा ओला करायला येत. (आपल्याकडच्या एखाद्या कीर्तनकाराच्या चरित्रात ही माहिती छापली जाईल काय, याची मला शंका आहे.) सोळाव्या वर्षी, १९६२ मध्ये, तिची पहिली तबकडी ‘माय मॅन – ही’ज अ लव्हिन’ मॅन’ अटलांटिक कंपनीने वितरित केली आणि ती कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या दहांत गेली. म्हणजे यश उशिरा नव्हे, फार लवकर आले होते. १९६५च्या ‘लेट मी डाउन इझी’चेही नाव झाले. मग एक कंपनी, दुसरी, तिसरी. सुट्या तबकड्या निघत राहिल्या. अख्खी ध्वनिमुद्रिका, ज्याला आल्बम म्हणतात ती, कोणी काढेना.

ती संधी १९७२ मध्ये आली. अलाबामातल्या मसल शोल्स या गावी, ज्या वादकांच्या साथीसाठी मोठमोठे गायक तिथवर प्रवास करून जात, त्यांच्याबरोबर ब्रॅड शपिरो या निर्मात्याने तिचा आल्बम ध्वनिमुद्रित केला. ‘चाइल्ड ऑफ द सेव्हन्टीज’ असे नावही ठरले. दोन-तीन गाणी सुट्या तबकड्यांवर बाजारात आली, फारशी चालली नाहीत, आणि कंपनीने आल्बम रद्द केला. कारण दिले नाही. ही बातमी कळल्यावर आपण जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसलो आणि काही दिवस तिथेच राहिलो, असे बाईंनीच पुढे सांगितले आहे. तेव्हा वय सव्वीस होते.

इथे मला थोडे स्वतःविषयी सांगितले पाहिजे. पुरवणीचे काम करणाऱ्या माणसाच्या टेबलाला खण असतो. त्यात लेख पडतात. काही ‘साभार परत’ जातात. त्यात निदान एक चिठ्ठी असते, माणसाला निकाल कळतो. काही परतही जात नाहीत. पुढच्या अंकी घेऊ, मग त्याच्या पुढच्या, असे करताना कागद पिवळा पडतो. एका निवृत्त शिक्षकाचा लेख माझ्या खणात असा चार वर्षे राहिला. लेख चांगला होता. मी तो वाचून बाजूला ठेवला होता, हे मला पक्के आठवते. का ठेवला, ते आठवत नाही. कारणच नव्हते बहुधा. बेटी लव्हेट यांची कहाणी वाचताना मला त्या टेबलाखालच्या मुलीपेक्षा कंपनीतला, टेप कपाटात ठेवणारा तो अनाम माणूस जवळचा वाटला, आणि ते काही सुखाचे नव्हते.

टेप त्या कपाटात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे राहिली. दरम्यान बाई गातच होत्या. ‘बबलिंग ब्राऊन शुगर’ या संगीत नाटकाबरोबर फिरल्या, डेट्रॉइटच्या लहानसहान क्लबांत पोटापुरत्या पैशांसाठी उभ्या राहिल्या. १९८२ मध्ये मोटाउनने एक आल्बम काढला. पहिल्या तबकडीनंतर तब्बल वीस वर्षांनी प्रसिद्ध झालेला तो पहिला आल्बम. तोही वाऱ्यावर गेला. बाई गाणी सहसा स्वतः लिहीत नाहीत, दुसऱ्यांची म्हणतात, हेही लक्षात घ्यायला हवे. अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर गाणे वाजले तर मानधन गीतकार-संगीतकाराला मिळते. ज्याचा आवाज वाजतो त्याला नाही. अशा गायकाला तबकडीची विक्री आणि रोजचा कार्यक्रम एवढेच आधार. तबकडीच निघाली नाही तर उरतो क्लब.

मग जिल पेटार नावाचा एक फ्रेंच संग्राहक त्या टेपपर्यंत पोहोचला. रीतसर परवानगी घेऊन २००० मध्ये त्याने ती गाणी ‘सुव्हेनिर्स’ नावाने फ्रान्समध्ये काढली. पॅरिसच्या छंदिष्टाने अमेरिकन कंपनीचे कपाट उघडले, यात विनोद आहे. पण तो सांगून हसायला होत नाही. त्यानंतर सगळे भराभर घडले. २००४ मध्ये ब्लूजचा डब्ल्यू. सी. हँडी पुरस्कार मिळाला, तोही ‘पुनरागमना’साठी. जणू बाईच कुठे निघून गेल्या होत्या! २००५ मध्ये जो हेन्री या निर्मात्याबरोबर केलेल्या आल्बममध्ये सगळी गाणी स्त्रियांनी लिहिलेली होती. २००७ मध्ये बाई पुन्हा मसल शोल्सला गेल्या आणि तिथे केलेल्या आल्बमला नाव दिले ‘द सीन ऑफ द क्राइम’. गुन्ह्याची जागा! मला हे नाव फार आवडते. त्यात रडगाणे नाही आणि माफीही नाही.

आता अवघड भाग. पुष्कळ रसिक म्हणतात, बरे झाले. सोसले म्हणून आवाजात एवढे आले. मी १९७२ची आणि २००७ची गाणी पुन्हा पुन्हा ऐकली आहेत. नंतरचे गाणे अधिक मोठे आहे, हे मला मान्य करावे लागते. सव्वीस वर्षांची मुलगी गाण्यावर तुटून पडते. एकसष्टाव्या वर्षी बाई गाणे जवळ येऊ देतात. पण हे दुःखाचे व्याज आहे असे मला वाटत नाही. जिम लुइस नावाच्या मॅनेजरने तिला तरुणपणीच बजावले होते की नुसत्या आपल्या तबकड्या गाऊन भागणार नाही, जुनी, अवघड, परक्या वळणाची गाणी शिक. ती शिकली. पुढे वर्षानुवर्षे, समोर वीस माणसे असोत की दोनशे, ती गाणी रात्री म्हटली. हा रियाज आहे. आल्बम वेळेवर निघाला असता तरी तो करता आलाच असता. बहुधा चांगल्या हॉटेलात राहून. सोसण्याला श्रेय देण्यात आपली एक सोयही असते. मग कपाटाची किल्ली कोणाकडे होती, हे विचारावे लागत नाही.

त्या शिक्षकांचा लेख अखेर छापला तेव्हा ते हयात होते, हे माझे नशीब. त्यांचे पत्र आले. त्यात आभार होते. तारखेविषयी एक शब्द नव्हता. त्या पत्राला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही, आणि मी दिलेही नाही.

२००७च्या आल्बमचे नेतृत्व पॅटरसन हूड या तरुण गायक-गिटारवादकाने केले. ‘बिफोर द मनी केम’ हे बाईंच्या आयुष्यावरचे गाणे त्याने त्यांच्याबरोबर लिहिले. त्याचे वडील डेव्हिड हूड बास गिटार वाजवतात. १९७२ मध्ये मसल शोल्सच्या त्या वादकांत तेही होते. २००७च्या आल्बमवरही त्यांचा बास आहे. पहिल्या वेळी मुलगा आठ वर्षांचा होता. दुसऱ्या वेळी तो तंबूचा मालक होता आणि वडील साथीला बसले होते. मी दोन्ही आल्बम एकामागोमाग लावतो तेव्हा आधी त्या बासकडे कान जातो. तो दोन्हीकडे तसाच, शांत, घाई नसलेला. मग बाई सुरू करतात.