पेच सुटता सुटेना!

मागच्या महिन्यात माझ्या गिटारच्या अ‍ॅम्पला जोडायला एक स्पीकर कॅबिनेट शोधत होते. ऑनलाइन किमती बघितल्या आणि गुपचूप लॅपटॉप बंद केला. (फ्रीलान्सरचा बँक बॅलन्स हा स्वतंत्र कॉलमचा विषय आहे. लिहीन कधीतरी, चेक क्लिअर झाला की!) तेवढ्यात आठवलं, अरे, पाटोद्याला काकांची पेटी आहे की!

पाटोदा म्हणजे बीड जिल्ह्यातलं आमचं गाव. नव्वदच्या दशकात काका तिथल्या एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. लग्नं, गणपती, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडे. त्यांच्या स्पीकर कॅबिनेटला आमच्या घरात 'पेटी' म्हणतात. गावातल्या सुताराकडून करून घेतलेला प्लायवूडचा खोका, वर काळं रेक्झिन, आत १२ इंची स्पीकर आणि मागे १२ स्क्रूंनी ठोकून बसवलेली फळी. मग गावोगावी डीजे आले, ऑर्केस्ट्रा बसला आणि पेटी बियाणं-खताच्या खोलीत गेली. तीन वर्षांपूर्वी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात तेव्हापासून फारसा उचलत नाही.

पेटी बंद पडलेली होती. "आतली वायर सुटली आसंल, उघडून बघ," काका दर दिवाळीला म्हणायचे. "बघते हां काका," मी दर दिवाळीला म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी पकडायचे.

या वेळी फोनवर म्हणाले, "ने की. पण हितं उघडून, वाजवून ने. फोडून नेऊ नको."

मैत्रिणीची कार मागितली, अ‍ॅम्प आणि गिटार मागच्या सीटवर टाकली आणि निघाले. दोन तासांचं काम, संध्याकाळी परत. असा प्लॅन होता!

पेटी अंगणात काढली आणि धक्काच बसला. बाराच्या बारा स्क्रू तांबडेलाल! आमचा तालुका पर्जन्यछायेतला. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते, पण इथे टँकर दिसला तर कुणी मान वळवून बघत नाही. इतक्या कोरड्या गावात एवढा गंज? उत्तर पेटीच्या शेजारीच उभं होतं, पोटॅशची पोती. हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. क्षार हवेतली ओल धरून ठेवतो आणि लोखंडाला हळूहळू खातो. तेव्हा मंडळी, तुमचं सामान गावाकडच्या खताच्या खोलीत असेल तर आजच फोन करा.

मी काकांचा जुना पेचकस घेतला (पुण्यात स्क्रू-ड्रायव्हर, मुंबईत डिसमिस, आमच्याकडे पेचकस!), पहिल्या स्क्रूवर ठेवला आणि दातओठ खाऊन फिरवला. कर्र... स्क्रू जागेवरच आणि वरची चौफुली खाच गुळगुळीत गोल!

"मारलास की गं त्याला," काका खाटेवरून म्हणाले.

तुमच्यापैकी प्रत्येकाने असा एक तरी स्क्रू मारलेला असणार. त्याचं कारण सांगते. ही चौफुली खाच अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या हेन्री फिलिप्स यांच्या नावाने ओळखली जाते. १९३६ मध्ये त्यांना तिची पेटंट्स मिळाली आणि कॅडिलॅक गाड्यांच्या कारखान्याने ती उचलून धरली. तिच्या आतल्या भिंती उतरत्या असतात. त्यामुळे फिरवण्याचा जोर वाढला की टोक वर सरकतं, आणि सरकताना खाच सोलून काढतं. टोक झिजलेलं किंवा एक साइझ लहान असेल तर विचारूच नका. माझं दोन्ही होतं. खाच २ नंबरची, टोक १ नंबरचं!

काकांनी हार्डवेअरच्या दुकानातून २ नंबरचा नवा पेचकस आणायला लावला. मग सुरू झाली शाळा. आधी सुईने खाचेतला गंज आणि माती उकरायची. पेचकस सरळ उभा धरायचा, त्याच्या बुडाला हातोडीचे दोन-तीन हलके ठोके द्यायचे. त्या हादऱ्याने गंजाची पकड मोडते. मग आधी स्क्रू *आवळायचा*, केसभर. हलला की उलटा.

"आणि जोर फिरवायला नाय, दाबायला. दाब बारा आणे, फिरव चार आणे."

पेटी वाकळीवर पालथी घातली आणि मी अक्षरशः अंगाचा भार टाकला. टक्! पहिला सुटल्याचा तो आवाज... शपथ सांगते, कुठल्याही रिफपेक्षा भारी! दुपारपर्यंत आठ निघाले. तीन मात्र हटून बसले. मी बॅगेतून डब्ल्यूडी-४० ची बाटली काढली तर काका म्हणाले, नको. धातूत धातू अडकला असेल तर तेल झिरपतं. इथे स्क्रू लाकडात रुतलेला. तेल खाली पोचण्याआधी प्लाय पिणार, वर डाग पडणार आणि पुढे तिथे फेव्हिकॉलही धरणार नाही. मग काय? सोल्डरिंग आयर्न! त्याचं तापलं टोक स्क्रूच्या डोक्यावर दोनेक मिनिटं टेकवायचं. लोखंड फुगतं, भोवतालचं लाकूड दबतं, आणि गार झाल्यावर पकड सैल होते. रेक्झिन वितळू नये म्हणून भोवती पुठ्ठा. तिन्ही निघाले, पण तोवर दिवेलागण झाली होती. संध्याकाळचा प्लॅन बोंबलला. मुक्काम!

दुसऱ्या दिवशी उरला तो मी मारलेला. त्याला ड्रिलशिवाय उपाय नव्हता. स्क्रूच्या दांडीएवढ्या जाडीचं बिट घ्यायचं, डोकं पोखरून उडवायचं, फळी उचलायची आणि वर राहिलेली दांडी पकडीने फिरवून काढायची. पण स्पीकरच्या मागे असतं मोठं चुंबक. लोखंडाचा कीस त्याला चिकटून आतल्या कॉइलपर्यंत गेला तर स्पीकर जन्मभर खरखरणार. म्हणून कीस बाहेर सांडावा यासाठी पेटी उभी करायची. आता उभी पेटी ड्रिलच्या जोराने सरकते. धरणार कोण?

काका खाटेवरून उतरले. जमिनीवर बसले, पेटीच्या पुढच्या बाजूला पाठ लावली, पाय भिंतीला रोवले. "हं, चालव." मागून मी ड्रिल दाबतेय, पुढून काका. मध्ये पेटी. आमचं बोलणं बंद, नुसती घरघर. तीन वर्षांत मी त्यांची तब्येत खूपदा विचारली होती, त्यांच्याबरोबर काम मात्र एकदाही केलं नव्हतं.

डोकं उडालं, फळी निघाली. आत काय? एक वायर टॅगवरून सुटलेली. बस्स! दोन दिवस फळीला, सोल्डरिंगला पाच मिनिटं. स्पीकरवर ८ ओहम छापलेलं दिसलं, माझ्या अ‍ॅम्पलाही ८ च हवे होते. जमलं.

फळी परत लावताना जुन्या सैल भोकांत फेव्हिकॉल लावून काडेपेटीच्या काड्या ठोकल्या. नव्या स्टेनलेस स्क्रूंच्या आट्यांवर मेणबत्ती घासली. (साबण नको, तो ओल धरतो.) अकरा मी बसवले. बारावा घेतला तेव्हा काकांनी डावा हात पुढे केला.

पेचकस चार वेळा निसटला. मदतीला माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. अर्धा अर्धा आटा करत किती वेळ गेला कोण जाणे. मध्ये काकूंचा चहा गार झाला. स्क्रू बसला.

मग गिटार जोडली आणि मला येतात त्या तीन कॉर्ड्स वाजवल्या. काका डोळे मिटून ऐकत होते. मी वाट बघतेय, आता कौतुक करतील...

"तिसरी तार उतरलीय," म्हणाले. "आन् दिवाळीला पेटी घेऊन ये. सर्व्हिसिंगला."