अक्षांश-रेखांश लिहावे कसे?

मुळा व पवना यांच्या संगमापाशीं वसलेल्या आपल्या दापोडीस पुराचें भय नवीन नाहीं. अशा प्रसंगीं हल्लीं आपलें ठिकाण अक्षांश-रेखांशांच्या आंकड्यांनीं कळवितां येतें; संगणकाची आज्ञावली ते आंकडे वाचून नकाशावर खूण करिते. तेव्हां हे आंकडे नीट लिहिणें ही केवळ परीक्षेपुरती बाब राहिलेली नाहीं, असें आम्हांस वाटतें.

दापोडीचें स्थान सुमारें १८ अंश ३५ मिनिटें उत्तर व ७३ अंश ५० मिनिटें पूर्व असें आहे. एका अंशाचीं मिनिटें साठ. म्हणून दशांशांत हेंच १८.५८ व ७३.८३ होतें. घाईनें कोणी १८.३५ व ७३.५० लिहिलें, तर खूण चाळीस किलोमीटरांहून दूर, नैर्ऋत्येस सह्याद्रींत पडेल. 'पू.' मधील उकार गळून 'प.' झाला, तर दापोडी कॅरिबियन समुद्रांतील हैतीच्या किनाऱ्यास लागेल! आणि दोन आंकड्यांची अदलाबदल झाली, तर ती नॉर्वेच्या उत्तरेस बेअर बेटाजवळच्या थंडगार समुद्रांत बुडेल.

कोणी म्हणेल, एवढी चूक यंत्रानेंच ओळखावी. अक्षांश ९० हून अधिक असूं शकत नाहीं, हें यंत्रास शिकवितां येतें खरें. परंतु महाराष्ट्राचे रेखांश ७२ ते ८१ यांच्या दरम्यान आहेत. त्यामुळें उलटा क्रमही त्या कसोटीस उतरतो. शिवाय जाणत्यांतही क्रमाविषयीं एकवाक्यता नाहीं. बोलतांना आपण अक्षांश आधीं सांगतों. पण नकाशांची माहिती संगणकांस देण्याची 'जिओजेसन' नांवाची जी पद्धति २०१६ सालीं प्रमाणित झाली, तींत रेखांश आधीं लिहितात. मग यंत्रानें तर्क तरी कोणता करावा?

आमच्या मतें, मुकाट्यानें तर्क करणाऱ्या यंत्रापेक्षां "पुन्हां नीट लिहा" असें सांगणारें यंत्र अधिक विश्वासू होय. पुन्हां विचारण्यांत एक क्षण जाईल. भलत्या ठिकाणीं गेलेली नाव परत येईपर्यंत रात्र सरेल. जे विद्यार्थी पुढें अशा आज्ञावल्या लिहितील, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें, व आपल्या देवनागरी आंकड्यांचीही ओळख यंत्रास करून द्यावी.

इतरांनीं अंश, मिनिटें, सेकंद व दिशा हीं पूर्ण लिहावीं. अक्षांशाचें एक मिनिट म्हणजे सुमारें १.८५ किलोमीटर, सेकंद म्हणजे सुमारें ३१ मीटर. घर दाखवावयाचें, तर सेकंदही हवेतच. पालकांनीं आपल्या घराचें स्थान मुलांकडून एकदां असें लिहवून घ्यावें, व तें दारामागें लावून ठेवावें.